चार नंबरचा डबा

आईला दादाकडे न्यायचं की नाही हे ठरवायला आम्ही रविवारी सकाळी अकराला जमलो, आणि मी सवयीप्रमाणे आलेख छापून नेला.

इतर माणसं अशा वेळी फळं नेतात, किंवा निदान तोंड मिटून बसतात. मी सतरा वर्षं अभियांत्रिकीच्या मुलांना बिनतारी जाळी शिकवते आहे. माझ्या मताला आलेखाचा टेकू नसला तर ते मलासुद्धा पटत नाही. चार रंगीत प्रती होत्या. आत्याने चष्मा पुसत टेबलाभोवतीची डोकी मोजली.

"आपण पाच जण, कागद चार. कोणाला वगळलंस गं?"

"आईला," मी म्हणाले. "तिच्याबद्दलच तर आहे ना सगळं."

हे वाक्य बोलताना मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

आईने बिस्किटांची बशी दादापुढे सरकवली आणि बाबांच्या खुर्चीशेजारच्या आपल्या खुर्चीत बसली. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या खुर्चीत कोणी बसत नव्हतं, पण ती हलवायलाही कोणी तयार नव्हतं, त्यामुळे सहा जणांच्या टेबलाशी आम्ही पाच जण अवघडून, एका बाजूला झुकल्यासारखे बसलो होतो.

तट पडलेले होते. दादा आणि वहिनी एका बाजूला: आईने आता एकटीने राहू नये, आमच्याकडे यावं. आई आणि मी दुसऱ्या बाजूला: आईने आपल्याच घरात राहावं. आत्या ज्याने शेवटचा चहा दिला त्याच्या बाजूला.

"मला साधी गोष्ट सांगा," दादा म्हणाला. त्याचं औषधांचं दुकान आहे. तो कोणाशीही बोलताना गोळी जेवणाआधी की जेवणानंतर हे समजावतोय असं वाटतं. "सकाळी न्हाणीघरात पाय घसरला. मी दुकानात, ही वॉर्डात, ह्या बाई कॉलेजात. कळणार कोणाला?"

"घराला कळेल," मी म्हणाले.

"घराला! प्राध्यापकीणबाई, घराला कळून काय उपयोग? घर तिला उचलून आणणार आहे?"

"घर मला कळवेल. मी तुला कळवेन. तू येशील."

"म्हणजे शेवटी मीच," दादा म्हणाला.

"शेवटी तूच रे," आत्या म्हणाली. "घराण्याची रीतच आहे ती. बोलणारे वेगळे, उचलणारे वेगळे."

घराला कळेल असं मी म्हणाले त्याला आधार होता. साडेतीन वर्षांपूर्वी मी ह्या घरात अकरा डबे बसवले. प्रत्येक डबा साबणाच्या वडीएवढा. एक न्हाणीघराच्या दारावर, एक चहाच्या किटलीखाली, एक पलंगाच्या पायाशी, असे. एकटी-दुकटी राहणारी वयस्कर माणसं ठीक आहेत की नाहीत, हे त्यांना त्रास न देता दुरून कळावं, असा माझा प्रकल्प होता. सगळे डबे आपापलं म्हणणं चार नंबरच्या डब्याला सांगत. चार नंबर बोळकंडीत एका तिपाई स्टुलावर असे, आणि सगळ्यांचं म्हणणं गोळा करून समोरच्या पाण्याच्या टाकीवर लावलेल्या आमच्या अँटेनाला कळवत असे. निरोप पोचला की त्यावर हिरवा दिवा. पोचला नाही की लाल.

प्रत्येक डब्यावर मी एक चिठ्ठी चिकटवली होती: हात लावू नये.

बाबांनी ती चिठ्ठी वाचून माझ्याकडे पाहिलं होतं. त्यांनी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं जमिनीखालच्या केबली जोडल्या. "मी जन्मभर तारा जोडल्या," ते लोकांना सांगत, "आणि पोरीला त्या काढून टाकण्याबद्दल डॉक्टरकी मिळाली." त्यानंतर ते हसत, लोक हसत, आणि मी बिनतारी तंत्रज्ञानाचे फायदे समजावून सांगू लागे.

"आता हा आलेख बघ," मी दादाला म्हणाले. "पहिल्या चौदा महिन्यांचा. रात्रभर जाळं अशक्त असतं, निरोप गळतात. आणि सकाळी सात-सव्वासातला बघ कसं उसळून वर येतं. दिवसभर एकही निरोप गळत नाही. रोज. कोणी काही न करता."

"असं का होतं?"

हा प्रश्न मला परिषदांमध्येही आवडतो.

"माणसं उठतात, वावरतात, दारं उघडतात, हवा हलते. घर त्या दिनक्रमाशी जुळवून घेतं. मी त्याला प्रभात-स्थैर्य असं नाव दिलंय."

"नाव छान आहे," आत्या म्हणाली. "आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळी सगळं बिघडायचं."

नाव छानच होतं. त्या नावाच्या शोधनिबंधाचा दाखला दोनशे अकरा जणांनी दिला होता. दोन परदेशी गटांनी तोच परिणाम आपल्यालाही आढळल्याचं लिहिलं. माझ्या प्रकल्पातल्या बाकीच्या बावीस घरांत तो अंधुक दिसतो असं मी म्हटलं होतं. अंधुक म्हणजे दिसत नव्हता, पण मला दिसायला हवा होता. येत्या गुरुवारी माझी पूर्ण प्राध्यापकपदासाठी मुलाखत होती, आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर पहिलंच नाव ह्या निबंधाचं होतं.

दादाने आलेख लांब धरला, जवळ धरला. त्याच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते त्याने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. आदल्या दिवशी त्याने आईसाठी मागची खोली रिकामी केली होती. औषधांची खोकी हलवली, पलंग लावला, पलंगावर बसून पाहिलं. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसत होती. फक्त भिंत. आपली आई इथे बसून काय बघणार, असं त्याच्या मनात आलं आणि ते बाहेर काढता येईना. तो वाद जिंकायला आला नव्हता. त्याला कोणीतरी रीतसर हरवायला हवं होतं.

"रोज येतं असं?" त्याने विचारलं.

"रोज."

"मग..." त्याने कागद खाली ठेवला. "घर एवढं खात्रीचं असेल तर राहू दे तिला इथेच. वर्षभर बघू. काय गं?"

शेवटचे दोन शब्द वहिनीला होते. वहिनी अजून तिची प्रत बघत होती.

वहिनी वॉर्डची मुख्य नर्स आहे. पलंगाच्या पायाशी टांगलेले तक्ते ती सव्वीस वर्षं वाचते आहे. मी आणि ती एकमेकींशी नेहमी नीट वागत आलो आहोत, म्हणजे फारसं बोलत आलो नाही. मी तिला तिच्या कामाबद्दल कधी विचारलं नव्हतं. तिने माझ्या आलेखाकडे माझ्यासारखं पाहिलं नाही. मी उसळी बघत होते. तिने जिथे उसळी नाही ती जागा शोधली. तक्त्यावर आधी तेच बघायचं असतं, असं तिने मला नंतर सांगितलं. पाचव्या महिन्यात रेघ सोळा दिवस सपाट होती. खाली बारीक अक्षरांत माझी टीप होती: हवेतील कोरडेपणामुळे.

तिने सोळा दिवसांच्या तारखा मोजल्या. मग कागदाची घडी घालून उठली.

"आई, बसा तुम्ही. कप मी विसळते," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून, "तू ये जरा. पुसायला."

स्वयंपाकघरात तिने नळ मोठा सोडला.

"हे सोळा दिवस," ती म्हणाली. "कोरडेपणा वगैरे काही नाही. बाबा माझ्या वॉर्डात होते."

"कधी?"

"पहिल्यांदा छातीत कफ झाला तेव्हा. तू परिषदेला गेली होतीस. ते मंगळवारी दाखल झाले, सोळा दिवसांनी गुरुवारी सोडलं. मीच कागद भरले. तुझी रेघ मंगळवारी झोपली, शुक्रवारी सकाळी उठली." तिने कप पालथा घातला. "ही घराची सवय नाही. हे माणूस आहे."

मी म्हणाले, योगायोग असू शकतो. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, असंही म्हणाले. दोनशे अकरा दाखल्यांची बाई होते मी.

"मग आत्ताचं दाखव की," वहिनी म्हणाली. "तुझ्या फोनमध्ये येतं ना सगळं?"

येत होतं. पण बाबा गेल्यापासून मी ह्या घराचा आलेख उघडला नव्हता. अनुदानाच्या अहवालात 'विश्लेषण सुरू आहे' असं लिहिलं होतं. हात पुसले आणि उघडला. बाबांना शेवटचं दाखल केलं त्या दिवसापर्यंत रोज सकाळी उसळी. त्यानंतर साडेचार महिने सपाट, एकसुद्धा नाही.

"पण काय करायचे ते?" मी म्हणाले. "डब्यांना हात लावायचा नाही असं मी स्पष्ट लिहिलं होतं."

"हात नाहीच लावला त्यांनी," आई म्हणाली.

ती कधी दारात येऊन उभी राहिली ते आम्हाला नळाच्या आवाजात कळलं नव्हतं. तिने नळ बंद केला. पाणी वाया गेलेलं तिला चालत नाही.

"स्टूल उचलायचे," ती म्हणाली. "डबा वर तसाच. दोन्ही हातांनी, ताट नेल्यासारखं. सकाळी उठले की आधी बोळकंडीत. लाल दिवा दिसला की स्टूल उचलून हॉलच्या खिडकीत न्यायचं. तिथून टाकी दिसते ना समोर. दिवा हिरवा झाला की मग दात घासायचे. संध्याकाळी परत जागेवर. तू पेन्सिलीने जमिनीवर तीन गोल काढून ठेवले होतेस पायांचे, त्या गोलांत बरोबर."

"रोज?"

"रोज. मी म्हटलं, राहू द्या की तिथेच, सारखं काय उचलायचं. तर म्हणाले, तिने काढून दिलेली जागा ही आहे. दिवसा तिचं काम अडू नये म्हणून आपण नेतो, पण जागा तिची."

"मला का नाही सांगितलं?"

"तू रागावशील म्हणाले. तुझा प्रयोग आहे. आणि तू मग तो निबंध घेऊन आलीस. घर आपोआप सुधारतं म्हणालीस. एवढी खूश होतीस. ते म्हणाले, आता तर मुळीच बोलायचं नाही."

त्या दिवशी त्यांनी निबंध हातात घेऊन सगळी पानं उलटली होती. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागे. "फार मोठं काम केलंस," असं ते म्हणाले होते. मी म्हणाले होते, "तुमच्या घरामुळेच झालं." हे मी औपचारिकपणे म्हणाले होते. आभाराच्या यादीत मी अनुदान देणारी संस्था, विभागप्रमुख आणि पाण्याच्या टाकीचा मालक एवढी नावं घातली होती.

साडेतीन वर्षं अकरा डबे मला त्या घरातलं सगळं सांगत होते. ते काय सांगतात ते मी वाचत नव्हते. आवाज किती स्पष्ट येतो तेवढंच मोजत होते.

वहिनीने पुसलेले कप फळीवर ठेवले. "ह्यांना मी काही सांगणार नाही," ती हळूच म्हणाली. "ह्यांनी होकार दिलाय. आईंना इथेच राहायचंय. गुरुवारी तुझी मुलाखत. मी एक कागद पाहिला आणि घडी घातली. बस."

सकाळी अकरा वाजता आईला न्यायचंच असं म्हणत आलेली हीच बाई. मी तिच्याकडे पाहत राहिले. मी गप्प बसले तर आईचं घर राहत होतं, माझं पद राहत होतं, दादाची सुटका होत होती. फक्त आई उद्या न्हाणीघरात पडली असती तर चार नंबरने तिचा निरोप बोळकंडीतल्या बोळकंडीत धरून ठेवला असता आणि लाल दिवा लावून बसला असता. मी फोनकडे बघत म्हणाले असते, घर स्थिर आहे.

ह्याला धैर्य म्हणू नये. मला उभ्या उभ्या रडू येईल अशी भीती वाटली, आणि व्याख्यान देताना मी कधी रडत नाही, म्हणून मी बाहेर जाऊन व्याख्यान दिलं.

सगळं सांगितलं. स्टूल, खिडकी, सोळा दिवस, टीप. शेवटी दादाने आलेखाची प्रत उलटी करून ठेवली.

"म्हणजे तू तीन वर्षं बाबांना मोजत होतीस," तो म्हणाला, "आणि तुला कळलं नाही की ते बाबा आहेत."

"नाही कळलं."

"शिकलेली माणसं!" आत्या म्हणाली, आणि मग तिचा आवाज एकदम उतरला. एकतीस वर्षं ट्रंक कॉल जोडून तिला हळू बोलायची सवय राहिलेली नाही, त्यामुळे ती हळू बोलली की सगळे तिच्याकडे बघतात. "तो बसूच शकला नसता रे. लाल दिवा म्हणजे पलीकडे कोणीतरी बोलायचं म्हणतंय आणि लागत नाहीये. आम्ही डबा खाता खाता उठायचो. नोकरी सुटली तरी ते सुटत नाही. माझ्या फ्रिजला लाल दिवा आहे, त्यावर मी पट्टी चिकटवलीये."

कोणी हसलं नाही. मग दादा हसला, आणि हसता हसता त्याने डोळ्यांवर हात घेतला.

"ठीक आहे," तो डोळे पुसत म्हणाला. आवाज अजून ओला होता. "मग तो प्रश्न संपला. घर खात्रीचं नाही. आई, तू माझ्याकडे चल. खोली तयार आहे."

माझ्याकडे दुसरा आलेख नव्हता. मी आईकडे पाहिलं. बहुधा त्या सकाळी पहिल्यांदाच.

आई उठून बोळकंडीत गेली. आम्ही सगळे मागोमाग गेलो, नि अरुंद बोळकंडीत एकामागे एक उभे राहिलो. चार नंबरच्या डब्यावर एक मोठा चौकटीचा रुमाल पसरलेला होता. येताना मी तो पाहिला होता आणि धूळ बसू नये म्हणून असेल असं समजले होते. रुमाल बाबांचा होता. त्याच्याखाली काहीतरी मंद लाल उघडझाप करत होतं.

"साडेचार महिने हा असाच लागतोय," आई म्हणाली. "मला उचलवलं नाही. बघवतही नव्हतं. म्हणून झाकला." तिने रुमाल काढून घडी घातली आणि कमरेला खोचला. "आता तू नीट ऐक. मी इथेच राहणार. सकाळी उठले की मी हे खिडकीत नेणार, संध्याकाळी परत जागेवर. हिला तिकडे कळेल. नाही नेलं, तर समजायचं मला काहीतरी झालंय, आणि यायचं. ह्यात न समजण्यासारखं काय आहे?"

"आम्ही सकाळी सातला प्रत्येक लाइनवर टेस्ट कॉल द्यायचो," आत्या म्हणाली. "तेच आहे हे. ह्याहून पक्कं काही नसतं."

"किती वाजेपर्यंत वाट बघायची?" दादाने विचारलं. तो हरत होता, आणि ह्या वेळी त्याला हरल्यासारखं वाटत नव्हतं.

"साडेसात," वहिनी म्हणाली. "साडेसातला हिरवा दिवा नसेल तर आधी फोन. फोन उचलला नाही तर मी निघेन. सकाळची पाळी मी बदलून घेते." तिने स्टूल एका हाताने उचलून वजन पाहिलं आणि ठेवलं. "आई, दोन्ही हातांनी उचला. कमरेतून वाकायचं नाही."

"दोन्ही हातांनीच नेत असत हे," आई म्हणाली.

तिने स्टूल उचललं. आम्ही भिंतीला चिकटून वाट दिली. ताट नेल्यासारखं नेलं. खिडकीत ठेवलं, दोन पावलं मागे सरली. टाकी समोर होती. काही क्षण लालच राहिला, कारण माझी यंत्रं विचार करून उत्तर देतात. मग हिरवा झाला. प्रकल्प सुरू केल्यापासून मी हे प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहत होते.

निबंध मी बुधवारी मागे घेतला. नियतकालिकाचा त्यासाठी एक अर्ज असतो. कारणांच्या यादीत 'गणितातील चूक', 'उपकरणातील दोष' आणि 'इतर' असे पर्याय होते. मी 'इतर' निवडून लिहिलं: निरीक्षणाखालील घरातील एका व्यक्तीने दररोज सकाळी उपकरण ठेवलेले स्टूल खिडकीपाशी नेले. संपादकांनी तासाभरात उलट विचारलं, त्या व्यक्तीला तसं करण्याची परवानगी होती का? मी लिहिलं, नव्हती. दोन परदेशी गटांनाही कळवलं. त्यांच्याकडे स्टूल कोण उचलत होतं ते त्यांनी अद्याप सांगितलेलं नाही.

गुरुवारी मुलाखतीच्या दिवशी मी सातला तयार होऊन टेबलाशी बसले. समितीपुढे काय बोलायचं ते एका कागदावर होतं. फार नव्हतं. फोन समोर उभा करून ठेवला होता.

सात दहा. लाल.

सात पंधरा झाले. सोमवारपासून रोज सात बाराच्या आत झालं होतं. मी वहिनीला फोन लावायला घेतला आणि ठेवला. साडेसात ठरलं होतं. नियम मोडायचा नाही हे मी निदान बाबांकडून शिकायला हवं होतं. सात वीस. दादाचा निरोप आला: बघतेयस ना? मी लिहिलं: बघतेय. आत्याचा आला: काय झालं? तिच्याकडे आलेख येतच नाही. ती नुसती घड्याळाकडे बघत बसली होती.

सात तेवीसला हिरवा झाला.

आईने आधी चहा घेतला असावा. बाबांना ते कधी जमलं नाही.